सांडाला दिलेलं आवतण

गेल्या पोळ्याला मी एका सांडाला जेवायला बोलावलं, आणि तो आला.

चूक सर्वस्वी माझी होती. सांडाचं वागणं सुरुवातीपासून सभ्य म्हणावं असंच होतं, निदान फाटकाची कडी तुटेपर्यंत तरी.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला अंघोळ घालतात, जुवाने घासलेल्या त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि कानाशी तोंड नेऊन सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आवतण म्हणजे जेवणाचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी बैल सजून दारात येतो. त्याचे पाय धुतात, ओवाळतात, सुपातून पुरणपोळी भरवतात. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याला एक दिवस पाहुणा म्हणायचं, असा हा सण.

भिलाईत आमच्याकडे बैल नाही. (आमच्या स्मृति नगर कॉलनीत कोणाकडेच नाही. स्कूटर ठेवायला जागा मिळत नाही, बैल कुठे बांधणार!) तरी बाबांचा पोळा कधी चुकला नाही. त्याला कारण आहे. इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरी लागल्याचा निरोप बाबांना गावी मिळाला, तो नेमका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. बैलजोडीला आवतण देऊन झालं होतं. बाबा मिळेल त्या गाडीने निघाले. पुढे ती जोडीही विकली गेली. "म्या बोलावलं, अन् मीच घरी नव्हतो," असं बाबा अजून सांगतात. तेव्हापासून ते दर पोळ्याला भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका गाडीवानाच्या बैलांना आवतण देत आले. आधी सायकलने जायचे, मग स्कूटरने. गाडीवान म्हातारा होऊन गेला, आता त्याचा मुलगा सहदेव बैल राखतो. बाबांचा नेम तोच.

गेल्या वर्षी मात्र बाबांच्या गुडघ्याने हात टेकले.

"यंदा तू जाय," ते म्हणाले, आणि हळद-लोण्याची स्टीलची डबी माझ्या हातात दिली. "हात राखून लावू नको. अन् कानात सांगजो. दुरून वरडू नको."

"हो बाबा."

"इसरशीन."

"नाही विसरणार, बाबा."

नाही विसरलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं!

दिवसभर कामावर स्टोअरमध्ये उभं राहून माझ्या पाठीचा जुना पाइप झाला होता, कुठूनही वाकेना. बारीक पाऊस चालू होता. खुर्सीपारच्या रस्त्यावर ट्रकांची ही रांग! मी थोडा वेळ थांबलो, ट्रकांकडे पाहिलं, ट्रकांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्कूटर आपणहून घराच्या दिशेला वळली. (मी फक्त हँडल धरलं होतं.)

आमच्या कॉलनीच्या चौकात एक सांड बसलेला असतो. रस्त्याच्या मधोमध, कायम. बसेस त्याला वळसा घालून जातात. त्याला पाहिलं आणि माझ्या थकलेल्या डोक्यात विचार आला, शिंगं आहेत, खांदा आहे, कान आहेत. अजून काय पाहिजे?

मी स्कूटर लावली, डबी उघडली आणि दोन बोटांनी त्याच्या खांद्याला हळद-लोणी लावलं. बाजूला भाजी विकणारी बाई भेंड्या निवडायची थांबली.

"का करथस भइया?"

"काही नाही, पूजा," मी म्हणालो, आणि सांडाच्या कानात पुटपुटलो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." सांडाने कान हलवला.

घरी बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"देल्लं आवतण?"

"दिलं."

"कानात?"

"कानात."

"काय म्हणला?"

"कान हलवला."

"मंग येते तो!" बाबा खूश झाले. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. सगळ्यात वाईट भाग तोच.

माझी योजना साधी होती. उद्या दुपारपर्यंत बैल आले नाहीत की सांगायचं, सहदेव गावाला गेला असेल. बाबा थोडे खट्टू होतील, मग मातीच्या बैलाची पूजा करतील आणि जेवतील. एवढं सगळं मी झोपण्यापूर्वी ठरवलं आणि निर्लज्जासारखा झोपलो.

सकाळी माझी मुलगी मीनल फाटकाकडून ओरडली. (ती कॉलेजात जाते, मराठी फक्त आजोबांसाठी राखून ठेवते.) "पापा, बाहर कोई आया है!"

"कोण?"

"नाम नहीं बताया. सींग हैं."

फाटकाशी सांड उभा होता. खांद्यावर माझ्या दोन बोटांची हळद. माझं घर त्याला कसं सापडलं, मला आजही कळलेलं नाही. (मीनलचं म्हणणं, तो लोण्याच्या वासाने स्कूटरमागे आला. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं, त्याला दिलेला शब्द पाळायची सवय असावी, सगळ्यांना नसते.)

बाबा धोतर-टोपी घालून सकाळपासून तयार होते. काठी टेकत आले. त्यांनी पाहुण्याचं तोंड पाहिलं.

"एकटाच? जोडीचा कुठी हाय?"

"तो... ड्युटीवर आहे."

"याले येसण कावून नाई?"

"हल्ली काढून ठेवतात."

बाबांनी मान वाकवून सांडाकडे जरा खालून पाहिलं. मग सावकाश सरळ झाले.

"अन् हा बैल कावून नाई?"

तेवढ्यात सांडाने फाटकाला खांदा दिला, कडी तुटली आणि पाहुणे आत आले! त्यांनी आधी दारावरचं आंब्याचं तोरण खाल्लं. मग झेंडूच्या कुंड्या. मग सुनंदाने ओवाळायला आणून ठेवलेल्या सुपात तोंड घातलं, आणि पहाटेपासून लाटलेल्या पुरणपोळ्या तीन-चार घासांत संपवल्या. स्कूटर आडवी झाली. शेवटी तृप्त होऊन ते दारासमोर पोर्चमध्ये बसले, चौकात बसतात तसेच, मधोमध.

"अहो, उठवा त्याला!"

"हट!" मी म्हणालो. सांडाने कान हलवला.

समोरचे वर्माजी गच्चीवरून विचारत होते, "भाई साहब, पाल लिया क्या?"

"नहीं जी, मेहमान है!" मीनलने परस्पर उत्तर दिलं. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही डोळ्यांत होतं, कारण वेगळं.

आणि त्याच वेळी रस्त्यावरून घुंगरं वाजली.

सहदेव होता. बरोबर त्याची जोडी. अंगावर झुली, शिंगांना लाल-निळा रंग, कपाळावर बाशिंगं. खुर्सीपारहून एवढं अंतर पावसात चालत आले होते. बैलांच्या पायांना चिखल होता आणि सहदेवच्याही.

"काली संझा ले अगोरत रेहेन, कका," तो बाबांना म्हणाला. काल संध्याकाळपासून वाट पाहत होते. "बइला मन ला नहवा के राखे रेहेन. भइया नइ आइस, त हमीच मन आ गेन."

बैलांना न्हाऊ घालून त्याने वाट पाहिली, मी आलो नाही, म्हणून तेच आले. आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

बाबा माझ्याकडे वळले नाहीत. तेच जास्त लागलं. ते फाटकापाशी उभे राहून बैलांकडे पाहत होते, आणि हात नुसते झुलीवर फिरत होते. सुपात एकही पोळी उरली नव्हती.

"सुनबाई, माह्या पानातल्या पोळ्या हायेत ना?"

"त्या तुमच्यासाठी बाजूला काढल्यात, बाबा. तेवढ्याच आहेत."

"आण त्याच."

"आणि तुम्ही?"

"मी वरण-भात खाईन."

सांड दारातून हलेना, म्हणून पोळा रस्त्यावरच झाला. बाबांना वाकता येईना, तर ते मला म्हणाले, "धू पाय." मी धुतले. चारही पाय, दोन्ही बैलांचे, चिखल निघेपर्यंत. पाठीचा पाइप कुठून वाकला, कळलंही नाही. वर्माजींच्या गच्चीवर आता तीन घरची माणसं होती. बाबांनी अर्धी अर्धी पोळी भरवली. मग मागे वळून सांडाकडे बोट दाखवलं. "त्याचे बी धू."

"त्याचे कशाला, बाबा?"

"आवतण कोनाले देल्लं होतं?"

मी सांडाचेही धुतले. त्याने पाय पुढे केले, म्हणजे बसल्या जागी.

संध्याकाळी सांड स्वतःहून उठला आणि चौकात गेला. (आता रोज सकाळी येतो. मी आवतण देताना फक्त "उद्या" म्हटलं होतं, आणि उद्या रोजच असतो.) बाबा त्याच खुर्चीवर बसले होते, वरण-भात खाऊन. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, खुर्सीपारला गेलो नाही. थकलो होतो, पण जाता आलं असतं. चुकलो."

बाबा रस्त्याकडे पाहत राहिले.

"बाबा, चुकलो."

"दुरून वरडू नको म्हणलं होतं ना तुले?"

डबीत थोडं हळद-लोणी उरलं होतं. मी खाली बसलो आणि ते त्यांच्या गुडघ्याला चोळलं, या वेळी हात न राखता. मग त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हणालो, "चुकलो, बाबा. माफ करा."

आतून सुनंदाने विचारलं, "काय म्हणाले?"

"कान हलवला," मी म्हणालो.