चाळीतल्या बरण्या

रंजना गेली तेव्हा मी दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. त्या दिवसातला पाचवा चहा. तिच्या खाटेपाशी स्टुलावर मला दहा मिनिटं बसवेना. उठायचं, जिना उतरायचं, नगरच्या त्या रस्त्यावर दोन येरझाऱ्या घालायच्या, गाडी सावलीत आहे का बघायचं, परत वर जायचं... सकाळीच ती म्हणाली होती, "दादा, जरा बूड टेकव रे. तुला बघूनच मला दम लागतो." मी टेकवलं आणि पुन्हा उठलो. वर आलो तर आई खाटेच्या कडेला बसलेली, रंजीचा हात हातात घेऊन, आणि माझ्याकडे बघत नव्हती. कावीळ म्हणून आणलं होतं, आठव्या दिवशी सगळं आटोपलं. माझी धाकटी बहीण, उणीपुरी सत्तेचाळीस वर्षांची. या गोष्टीला सव्वा महिना होत आला, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. लिहितानाही दोनदा उठून आलोय.

घोडेगावच्या अलीकडे आमची वस्ती. ऊस, कांदा, चार दुभती जनावरं. आमच्या अख्ख्या भावकीत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि ही पोरगी शिकून शिकून शेवटी समुद्रपक्ष्यांची शास्त्रज्ञ झाली. वेंगुर्ल्याच्या पुढे समुद्रात उघडे खडक आहेत, तिथे उन्हाळ्यात सुरय नावाचे पक्षी अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. त्या खडकावर छत्री धरून ही दिवसदिवस बसायची. कोणता पक्षी किती वाजता गेला, किती वाजता आला, चोचीत काय आणलं, हे लिहीत. बाजारात आईला कुणी विचारलं की आई सांगायची, "सरकारी कोंबड्यांचं काय तरी बघती." रंजी पोट धरून हसायची, पण आईला कधी दुरुस्त केलं नाही. मी मात्र चिडायचो. मी विज्ञानाचा मास्तर, अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात शिकवतोय, तरी मलाही एकदा वाटलं की पक्षी गेला-आला याच्या वेळा लिहून जगाचं काय भलं होणार? तोंडावर विचारलंही. तर म्हणाली, "छावणीचं वर्ष आठव. जवळचा चारा सरला की गुरं लांब जायची, उशिरा यायची, वासरं ओरडत बसायची. तसंच आहे हे. पक्षी किती उशिरा येतो त्यावरून समुद्रात काय शिल्लक आहे ते कळतं." त्या दुष्काळात वासरांना बाटलीनं पाणी मीच पाजलं होतं.

घरात पंचाईत एकच, माशांची. आम्ही माळकरी. आईच्या स्वयंपाकघरात अंडं गेलेलं नाही. आणि रंजीचं अर्धं काम म्हणजे मासे. पिल्लाला हातात घेतलं की ते घाबरून खाल्लेलं ओकतं. ते ओकलेलं बरणीत घालायचं, वर स्पिरिट ओतायचं, झाकण लावायचं, कारण पिल्लांनी काय खाल्लं याचा त्याहून पक्का पुरावा नाही. हंगाम संपला की ती बरण्यांची पेटी घेऊन आठवडाभर घरी यायची आणि निवांत बसून मासे ओळखायची. आईनं तोडगा काढला होता. पेटी कांद्याच्या चाळीत ठेवायची, तिथेच काम करायचं, आणि घरात यायच्या आधी मोटारीच्या धारेखाली अंघोळ. रंजीनं ते बिनतक्रार पाळलं. कांद्याच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसून चिमट्यानं मासे निवडणारी माझी बहीण, आणि लांबून पदर नाकाला लावून "जेवायला ये गं" म्हणणारी आई... असं कितीतरी उन्हाळे चाललं.

यंदा ती हंगाम अर्धा टाकून आली. डोळे पिवळेधमक, पण पेटी बरोबर. तिनं तिथल्या मच्छीमारांना शब्द दिला होता. पिल्लं लहान असतात तेवढे दिवस खडकाभोवती बारीक भोकांची जाळी टाकू नका, असं ती त्यांना किती दिवस विनवत होती. ते म्हणायचे, मासा आमच्यामुळे कमी झाला हे कशावरून? तेव्हा ठरलं की यंदाच्या आणि मागच्या वर्षांच्या बरण्या शेजारी शेजारी मांडायच्या, सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि मग काय ते ठरवायचं. हे तिनं मला दवाखान्यात जाताना गाडीत सांगितलं होतं. मी "हो हो" म्हणत होतो आणि पुढच्या ट्रकला हॉर्न देत होतो.

आता जे सांगायचंय ते सांगून टाकतो. दहाव्याला पाहुणे यायचे होते. मांडव चाळीला लागून घातला. आदल्या दिवशी मावशी म्हणाली, सुतकाचं घर आणि इथं मासळीचा वास येतोय. एका बरणीचं झाकण सैल झालं होतं. मला कुठलंही काम हवंच होतं, हात रिकामा राहिला की जीव घाबरा व्हायचा. मी पेटी उचलली, एकेक बरणी उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली, वर माती लोटली. काचेच्या चांगल्या बरण्या टाकवेनात, म्हणून राखेनं घासून मांडवाच्या कडेला उन्हात पालथ्या घातल्या. मावशी म्हणाली, लोणच्याला होतील. मी, विज्ञानाचा मास्तर! पोरांनी प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडली तर कान पिळणारा! मला त्या क्षणी गाडीतलं तिचं बोलणं आठवलं नाही, शपथ सांगतो. आठवलं ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी, मीनलचा फोन आला तेव्हा. मीनल ही रंजीची बरोबरची संशोधक. चाचरत म्हणाली, "सर, आत्ता विचारणं बरं नाही, पण मॅडमच्या बरण्या नीट आहेत ना? लोक थांबलेत."

मी फोनवर खोटं बोललो. आहेत म्हणालो. मग अख्खी दुपार उसाच्या बांधावर फिरलो. शेवटी आईला सगळं सांगितलं, की रंजीचं शेवटचं काम मी मातीत घातलं. वाटलं आई रडेल, मला बोलेल. ती गहू निवडत होती, हात थांबला नाही.

"वतलं तू, मंग भरून आनायचं बी तूच," ती म्हणाली.

मीनलला परत फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्यानं होड्या बंद व्हायला अजून अवकाश आहे, उशिराची काही पिल्लं अजून खडकावर आहेत, लगेच निघा. घासलेल्या बरण्या पोत्यात गुंडाळल्या आणि निघालो. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, तोंड लपवत. होडी बाबल म्हणून एका वयस्क माणसाची. रंजीला तोच न्यायचा. वाटेत तो तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही, मीही विचारला नाही, आणि ओकाऱ्या काढून माझ्यात बोलायचं त्राणही नव्हतं. खडकावर पाय ठेवला मात्र, हजारभर पक्षी एकदम उठले आणि डोक्यावर कालवा सुरू झाला. पिल्लांना हात लावायची परवानगी मीनलला होती, माझं काम बरणी धरायचं. पहिल्याच पिल्लानं थेट माझ्या मनगटावर ओकलं. गळ्यात माळ आणि हातावर मासा. मी नीट बघितलं. नखाएवढे, नुसते पारदर्शक जीव.

पण खरी परीक्षा पुढे होती. एका कडेला फळकुट टाकलेलं होतं, तिथे रंजी बसायची. मीनलनं मला तिथे बसवलं आणि म्हणाली, "आता हलू नका, सर. तुम्ही हललात की आई बसत नाही, आणि ती बसली नाही तर उन्हानं पिल्लू जाईल." समोर सहा हातांवर उघड्या दगडावर कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू धापा टाकत होतं. आई वर घिरट्या घालत होती. आणि मी, ज्याला बहिणीच्या उशाशी दहा मिनिटं बसवलं नव्हतं... घाम डोळ्यांत उतरला तो पुसला नाही. पाय बधिर झाला तो हलवला नाही. ती खाली आली, परत उडाली, परत आली. शेवटी पंख थोडे पसरून पिल्लावर बसली. मला तेव्हा जे रडू आलं ते दहाव्यालाही आलं नव्हतं, आणि रडतानाही हलायची सोय नव्हती. चार दिवस रोज तसाच बसलो. सात बरण्या भरल्या.

बैठक किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या खोपीत झाली. मीनलनं मागच्या वर्षांच्या बरण्या मांडल्या, पलीकडे आमच्या सात. बोटभर मासे इकडे, नखभर तिकडे. एक जण म्हणाला, बाईंनी वीसेक तरी आणते म्हटलं होतं, या सातच का? मीनल माझ्याकडे बघायला लागली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की बाकीच्या तिनं भरल्या होत्या, त्या मी, तिच्या सख्ख्या भावानं, घरात वास येतो म्हणून ओतून दिल्या. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून बाबल पहिल्यांदा बोलला.

"बाय कधी आमका फसवूक नाय," तो म्हणाला, "आणि ह्यो मास्तर पण फसवणा नाय."

मग त्यांच्यात बराच वाद झाला, मला निम्मा कळला. दोघे उठून गेले. बाकीच्यांनी ठरवलं की पिल्लं उडेपर्यंत खडकाभोवती बारीक जाळं पडणार नाही. यंदापुरतं कबूल, पुढचं पुढे बघू.

परवा संध्याकाळी गोठ्यात धार काढत असताना बाबलचा फोन आला. शेवटची पिल्लं उडाली, खडक मोकळा झाला, एवढंच सांगून त्यानं ठेवला. मला इतका आनंद झाला की मी चरवी तशीच ठेवली आणि हाताला सवय असेल तसा थेट रंजीचा नंबर लावला. लागल्यावर भानावर आलो. कापणार, तोच घरातून घंटी ऐकू आली. तिचा फोन आईच्या खोलीत वाजत होता. आईनं तो रोज चार्ज करून ठेवलाय हे मला माहीत नव्हतं. तिनं उचलला. ती नाव वाचत नाही, तिला वाटलं बाहेरचं कुणी आहे.

"रंजी न्हाई हितं," आई म्हणाली, "काय निरोप हाय?"

मी गोठ्यात उभा होतो, ती भिंतीपलीकडे.

"पिल्लं उडाली म्हणावं," मी म्हणालो.

माझा आवाज तिनं ओळखला असणार.

"बरं," ती म्हणाली, "सांगते."