माटोळी पडली ती चवथ

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलीच्या नाही. देवाला सांगायची गरज नव्हती, तो समोरच बसला होता. तुम्हाला सांगते — कारण तुम्ही आमच्या घरी चवथीला जेवायला येत नाही.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. पेडण्याच्या बाजूला आमचं घर, दोघा भावांचा मिळून एक गणपती. पुरुष सोप्यावर बसून कोंकणी की मराठी यावर घसा फोडत होते, आम्ही बायका आत खोबरं किसत होतो. माझा नवरा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. चवथीच्या थोडं आधी धाकट्या जावेनं, सुमतीनं, मला विहिरीवर गाठलं. ती सावंतवाडीकडची. "वयनी, दादांचा डिचोलीत दुसरा बिऱ्हाड आसा," एवढंच बोलली आणि रडायला लागली. रडायचं कुणी, तिनं की मी?

तशीच सासूकडे गेले. तिला ठाऊक होतं! दिराला ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक, मीच तेवढी आंधळी. सासू म्हणाली, "चवथ जावंदी गो, मागीर बगूया. चार दीस हांसत रव."

चवथ होईपर्यंत हसत राहा! पोटात जाळ असताना पाहुण्यांना हसून नेवऱ्या वाढल्यात कधी तुम्ही?

नवरा आदल्या संध्याकाळी उशिरा उगवला आणि घाईघाईत माटोळी बांधायला लागला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, रानफळं बांधतात, ती माटोळी. एका टोकाची गाठ त्यानं धड आवळलीसुद्धा नाही. मी बघितलं. बोलले नाही. मरू दे, म्हटलं.

येते — मूळ गोष्टीवरच येते. जरा दम धरा.

चवथीच्या पहाटे मला पाळी आली. आमच्याकडे अशा बाईनं मागच्या पडवीत बसायचं. चूल नाही, देव नाही. बसले असते तर सुटले असते, नाही का? कुणासमोर हसावं लागलं नसतं. पण डोक्यात सणक गेली. माझ्यापासून इतकं लपवलंत ना? मग मीही लपवते. खा आता माझ्या हातचं — तुम्ही आणि तुमचा देव! न्हाले, पदर खोचला आणि सगळा नैवेद्य मी केला. मुद्दाम केला. हळदीच्या पानावर पातोळीन् पातोळी रागानं थापली.

दुपारी आरती चालू असताना माटोळीचं ते टोक सुटलं. नारळांचा घोस गणपतीवर आला आणि मूर्तीचा हात खांद्यापासून मोडला.

टाळ थांबले. दोरी कुणी बांधली, असं एकानं तरी विचारावं? छे! घरात विटाळ कालवला असणार, हेच सगळ्यांच्या मनात. सुमती आदल्याच दिवशी न्हाऊन आत आली होती. सासूनं सगळ्यांदेखत विचारलं, "सुमती, चार दीस पुराय जाल्ले मगो तुजे?" ती हो, हो म्हणत राहिली. कुणाला पटलं नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं — ती कधी बाहेर बसली हे मलाच नक्की ठाऊक होतं, तिचं ताट मीच नेऊन ठेवत होते.

मी मान खाली घातली.

भीती वाटली म्हणून? वाटली, पण तेवढंच नव्हतं. तिनं मला ते सांगितलं, याचाच राग होता. त्या घरात एकटी ती माझ्याशी खरं बोलली, आणि बाकीच्यांवर काढता न आलेला राग मी तिच्यावर काढला.

पुढच्या वर्षापासून चवथीत सुमतीला चूल बंद. सासू असेपर्यंत कुणी ब्र काढला नाही. मी तर नाहीच. ते डिचोलीचं बिऱ्हाड पुढे मोडलं, नवरा घरी परतला, सासू गेली. चवथ जवळ आली की आजही माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ते नवऱ्यामुळे, असं मी स्वतःला सांगत आले. सोयीचं होतं ना! पाळीनं देव बाटत नाही, एवढी अक्कल आता मला आली आहे. आमच्या मुली यातलं काही पाळत नाहीत, आणि बरंच आहे.

सुमती मात्र अजून चवथीला पाहुण्यांची पोरं घेऊन मागच्या पडवीत बसते. गेल्या वर्षी मी म्हटलं, आत ये गं, पातोळ्यांना हात लाव. केस पांढरे झालेत तिचे. हसली.

"नको वयनी. माझो हात लागलो तर परत कायतरी मोडात."

थट्टा नव्हती ती. तिला ते खरंच वाटतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही मी? पडवीत दुसरं मोठं माणूस नव्हतं.

गॅसवर पातोळ्या आहेत, असं म्हणाले आणि आत आले.