भाऊसाहेबांच्या बागेचं लायसन्स

काम संपलं की फाइल लाल फडक्यात बांधून माळ्यावर जाते. किस्से मात्र माळ्यावर जायला तयार नसतात. आम्ही जुन्या ऑफिसातली मंडळी अजून महिन्यातून एकदा हैदराबादेत हिमायतनगरच्या इराण्याकडे चहाला जमतो, आणि पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते सर्कशीचं सांगा ना!" मग एकाला धरून दुसरा निघतो, आणि इराणी आमच्या टेबलावर फडकं मारून मारून थकतो.

ऑफिस जोशी वकिलांचं. दोन खोल्या, तीन माणसं. सर, त्यांची ज्युनिअर म्हणजे मी, आणि आमचा क्लार्क यादगिरी. यादगिरीला कायद्याचं एक कलम येत नव्हतं, पण शहरातल्या कोणत्या कचेरीत कोणतं टेबल कोणत्या खिडकीपाशी आहे, हे त्याला तोंडपाठ. सर म्हणायचे, "मी कोर्टात जिंकतो ते लोकांना दिसतं. यादगिरी कचेरीत जिंकून येतो ते फक्त मला दिसतं."

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. घरोघर केबल आलेली, रस्त्यावर नव्या गाड्या, आणि जिथे मोकळी जागा दिसेल तिथे बिल्डरचा बोर्ड. त्या दिवसांत भाऊसाहेब आमच्याकडे आले.

*

भाऊसाहेब शेतीखात्यातून रिटायर झालेले. मूळचं घराणं परभणीकडचं, शेतकऱ्याचं. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात मलकपेठेच्या पलीकडे माळरान घेतलं आणि त्याची बाग केली. आंबे, चिंचा, सीताफळं, मधे मोठी हिरवळ आणि दगडी चौथरा. बाग दोघा भावांच्या नावावर. धाकटे वसंतराव म्हणत होते, विकून टाकू. थोरले म्हणत होते, जीव गेला तरी नाही.

"मग ठरलं काय?" सरांनी विचारलं.

"एक वर्ष दिलंय त्यानं," भाऊसाहेब म्हणाले. "बागेत गाण्याचे जलसे, नाटकं, फुलांची प्रदर्शनं भरवायची. बाग स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. दसऱ्याच्या आत सरकारी लायसन्स हातात आलं तर बाग राहिली. नाही तर मी सही करणार. जबान दिलीय."

"कागदावर?"

"वकीलसाहेब, भावाला कागदावर जबान देतात का?"

सरांनी मान हलवली आणि फाइल उघडली. फीबद्दल शब्द निघाला नाही. भाऊसाहेब जाताना टेबलावर कढीपत्त्याची मोठी जुडी ठेवून गेले. ऑफिसला आठवडाभर फोडणीचा वास येत होता.

*

आता सर्कशीचं.

लायसन्सच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'कार्यक्रमाचा प्रकार'. त्यात सिनेमा, सर्कस, जादूचे प्रयोग, घोड्यांच्या शर्यती आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. मी अर्थातच 'इतर'वर खूण केली. यादगिरी फॉर्म घेऊन गेला आणि तासाभरात परत आला.

"मॅडम, 'इतर' का टेबलइच नहीं है उधर! जो साब देखते थे, वो रिटायर हो गए. फाइल लेने कू आदमी नहीं."

"मग?"

"सर्कस का टेबल खाली बैठा है. साब भोत शरीफ आदमी. मैं सर्कस पे टिक मारके दे दिया."

सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "फाइल निदान हलली तरी!"

फाइल हलली ती थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे. पंधरा दिवसांनी एक साहेब रजिस्टर घेऊन बागेत हजर. "ॲनिमल्स किधर हैं?"

भाऊसाहेबांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी साहेबांना गोठ्यात नेलं आणि चंद्री नावाची म्हैस दाखवली.

"ये क्या करती है?"

"वक्त पे दूध देती है."

साहेब दोन्ही हातांत रजिस्टर धरून हसले. "भाऊसाब, हैदराबाद में ये भी करतबइच है!" आणि त्यांनी लिहून दिलं की जागेवर कोणतंही हिंस्र जनावर नाही. आमच्या फाइलवरचं पहिलं नाहरकत पत्र ते. चंद्रीच्या नावानं मिळालं!

*

पोलिसांचं पत्र आणायची पाळी माझ्यावर आली. इन्स्पेक्टरसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाब को भेजो ना. ऐसे कामों में लेडीज कायकू?"

"वकीलसाहेबांनीच पाठवलंय," मी म्हटलं.

"नाच-वाच होता क्या उधर? कॅबरे?"

पहिल्या कार्यक्रमाच्या यादीत आमच्या सासूबाईंचं भजनी मंडळ होतं. मी यादी समोर ठेवली आणि सांगितलं, "साहब, ह्यातली सगळ्यात तरुण कलाकार अठ्ठावन्न वर्षांची आहे. माझी सासू आहे. चौकशी करायची असेल तर घेऊन येते, पण मग ती बसल्या बसल्या तुमचीच चौकशी करेल."

इन्स्पेक्टरसाहेबांनी सही केली. त्यांनाही सासू होती, हे नंतर यादगिरीनं सांगितलं.

*

खरी परीक्षा फायर ऑफिसरची. शिस्तीचा माणूस, हातात टेप, खिशाला तीन पेनं. "बागेत माणसं किती मावतात?" हा त्यांचा प्रश्न.

भाऊसाहेब म्हणाले, "चिंचेखाली दीडशे पानं. चौथऱ्यापाशी दोनशे. हिरवळीवर साडेचारशे पानं, वाढप्यांना जायला वाट सोडून."

"पान?"

मग सरांनी समजावलं. भाऊसाहेबांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. बागेतला पहिला आंबा पिकला की बागेत पंगत. आमरस, पोळी, भात, ताक. मोहल्ल्यातले रिक्षावाले, पोस्टमन, शाळेचे मास्तर, दुकानदार, सगळ्यांना छापील कार्ड जायचं. यादगिरीच्या बापालाही जायचं. चाळीस वर्षांत एकही उन्हाळा चुकला नव्हता. त्यामुळे बागेचं मोजमाप भाऊसाहेबांच्या डोक्यात पत्रावळीत होतं.

ऑफिसरला ते पटेना. त्यांनी दोन माणसं लावून भर उन्हात सगळी बाग मोजली, चौथऱ्यावर बसून गुणाकार-भागाकार केले, पुन्हा केले, आणि मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "आठशे चार."

"चार जास्तीचे कुठले?" भाऊसाहेबांनी काळजीनं विचारलं.

ऑफिसरचा शेवटचा प्रश्न राहिला होता. समजा आग लागली, तर आठशे माणसं किती वेळात बाहेर पडतील?

"साहेब, ताक वाढलं की पाच मिनिटांत बाग रिकामी होते. आग तर लई पुढची गोष्ट!"

आजही हे सांगताना माझी छाती फुगते. ज्यानं आयुष्यात कधी एक तिकीट विकलं नाही, त्या माणसाच्या जिभेवरचा हिशेब आणि सरकारी टेप, दोघांत फरक निघाला चार माणसांचा.

*

एकदा मी बागेत कागदांवर सह्या घ्यायला गेले होते, तेव्हा तो बिल्डर आला. तरुण, गोड बोलणारा, हातात चकचकीत पुस्तक. त्यात रंगीत चित्रं. पाच उंच इमारती, आणि नावं काय, तर 'मँगो', 'टॅमरिंड', 'कस्टर्ड ॲपल'!

"अंकल, आपके सब झाडों के नाम रखे हैं," तो कौतुकानं म्हणाला.

भाऊसाहेबांनी पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं, मिटलं आणि परत दिलं. "बेटा, माणूस गेल्यावर फोटोला हार घालतात. तू जित्या माणसाला हार घेऊन आलास."

त्याला मराठी कळलं नसावं. पण त्यानं चहा अर्धाच सोडला आणि ते पुस्तक वसंतरावांना देऊन गेला.

*

तर सगळी पत्रं जमली. रिवाजाप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. एकोणतीस दिवस कुणी काही बोललं नाही. तिसाव्या दिवशी हरकत आली. चार पानांची, सुरेख इंग्रजीत. खाली सही माथुर मास्टरसाहेबांची!

मास्टरसाहेब म्हणजे भाऊसाहेबांचे भिंतीला भिंत शेजारी. जुनं कायस्थ घराणं, तीन पिढ्या सरकारी नोकरीत. स्वतः फारसीचे शिक्षक होते. दोन घरांच्या भिंतीत एक लहान दार होतं. त्या दारातून मास्टरसाहेब रोज सकाळी बागेत फिरायला यायचे आणि चिंचेखालच्या बाकावर पेपर वाचायचे. हरकत दिल्यानंतरही यायचे! बागेच्या माळ्यानं तर डोळ्यांनी पाहिलं की हरकतीची चार पानं त्यांनी त्याच बाकावर बसून लिहिली.

भाऊसाहेब गोंधळून गेले. पण मास्टरसाहेबांना ना त्यांनी काही विचारलं, ना दार बंद केलं. उलट नेहमीप्रमाणे त्या दारातून घरी लिंबं, कढीपत्ता, खरवस जात राहिला.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊसाहेब, तो आपला विरोधी पक्ष आहे. तुम्ही त्याला खरवस पाठवता?"

"वकीलसाहेब, केस वेगळी, खरवस वेगळा."

*

सुनावणी लागली ती दसऱ्याला चार दिवस उरले असताना. आबिड्सच्या एका कचेरीत, वरच्या मजल्यावर. अधिकारी बाई तरुण होत्या, आंध्रातल्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला सर, मी आणि भाऊसाहेब. दुसऱ्या बाजूला शेरवानी घालून मास्टरसाहेब, एकटेच. मागच्या बाकावर वसंतराव, मांडीवर बिल्डरचं पुस्तक. यादगिरी दारात.

बाईंनी सगळी पत्रं पाहिली. मग इंग्रजीत विचारलं, "अर्जदाराला सार्वजनिक कार्यक्रमांचा पूर्वीचा अनुभव काय?"

नेमका हाच रकाना आम्ही कोरा सोडला होता. सर उठले, चष्मा पुसला. भाऊसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "कुछ नहीं, मॅडम."

मागे वसंतरावांनी मान खाली घातली.

"झूठ!" मास्टरसाहेब उभे राहिले. "चालीस साल से हर गर्मी में इनके बाग़ में सात-आठ सौ आदमी आता है. न कभी झगड़ा हुआ, न कभी चोरी, न एक पत्तल रास्ते पर गिरी. और ये कहते हैं, तजुर्बा नहीं!"

बाईंनी पेन उचललं आणि त्या कोऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं. सर चष्मा पुसत होते तसेच हळूच खाली बसले.

"मग तुमची हरकत कशाला आहे?" बाईंनी मास्टरसाहेबांना विचारलं.

मास्टरसाहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. मग आवाज उतरला. "चालीस साल कार्ड बँटते देखे हैं, मॅडम. रिक्शेवाले को कार्ड. डाकिये को कार्ड. दीवार से दीवार हमारी, और हमें एक कार्ड नहीं. पंगत के दिन दरवाज़े से एक डिब्बा भेज देते हैं, बचा हुआ. अब लायसन्स मिलेगा तो सारा शहर आएगा. हम फिर दीवार के इधर."

भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते सरांना बाजूला सारून पुढे झाले.

"मास्टरसाहब, पंगत कितने बजे बैठती है?"

"बारह बजे."

"और आपका डिब्बा कितने बजे आता है?"

"ग्यारह बजे."

"तो बचा हुआ पहले कैसे आएगा?"

मास्टरसाहेब बोटांवर तास मोजू लागले.

"देवाचा नैवेद्य झाला की पहिलं पान घरातल्या माणसाचं," भाऊसाहेब आता मराठीतच बोलत होते, डोळे भरून आले होते. "बाबा असल्यापासून ते तुमच्याकडे जातं. कार्ड बाहेरच्याला देतात, मास्टरसाहेब. घरच्याला कोण कार्ड देतं?"

बाईंनी सरांना भाऊसाहेब काय म्हणाले ते विचारलं, सरांनी इंग्रजीत सांगितलं. बाई मास्टरसाहेबांकडे वळल्या.

"ते म्हणतात, तुम्ही त्यांच्या घरातले. तुम्हाला मान्य आहे?"

"जी," मास्टरसाहेब म्हणाले. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं, "जी हाँ."

बाईंनी स्टेनोला बोलावून तिथल्या तिथे मजकूर सांगितला. एकमेव हरकतदार हा अर्जदाराच्याच कुटुंबातला असल्याचं आढळून आल्यामुळे बाहेरच्या कुणाचीही हरकत उरत नाही, सबब परवाना मंजूर.

यादगिरी दारातूनच खाली धावला, मिठाई आणायला. मास्टरसाहेबांनी कागदाखाली सही केली, ठसठशीत. तेवढ्यात मागच्या बाकावरून वसंतराव उठून पुढे आले. त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

"मास्टरसाहब, एक पूछना था. बाग विकायची तर घरातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. आता तुमचीही लागणार का?"

मास्टरसाहेबांनी हात पुढे करून वसंतरावांकडून बिल्डरचं पुस्तक घेतलं, शेरवानीच्या बाहीनं पुसलं आणि स्वतःच्या काखेत मारलं.

"लगेगी," ते म्हणाले. "और हम देंगे नहीं!"