मतलई वाऱ्यात साडेदहाचा कार्यक्रम

फेब्रुवारीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाऱ्याची वेळ ठरलेली असते. सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारी तो पडतो, फिरतो आणि समुद्राकडून येऊ लागतो. तो खारा. खारा वारा पडलेल्याला किनाऱ्याला आणून टाकतो, मतलई बाहेर घेऊन जातो. शिडाच्या फळीवर उभं राहणाऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगतात.

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी विंडसर्फिंग शिकलो. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, मच्छीमार घरातल्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पर्यटन महोत्सवात त्यांनी प्रात्यक्षिकाची वेळ दुपारी तीन दिली होती. निमंत्रणपत्रिका आली तेव्हा तिच्यावर साडेदहा होते. प्रमुख पाहुण्यांना दुपारी चिपळूणला लग्नाला पोचायचं होतं.

"त्या वेळी वारा उलटा असतो," बाई म्हणाल्या.

"मॅडम, पत्रिका वाटून झाल्या," समितीचे चिटणीस म्हणाले. "तुम्ही शीड उलटं लावा ना."

ते थट्टा करत नव्हते.

बाईंनी एक अट घातली. सुरक्षेची मोटर होडी आमच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला थांबेल आणि शेवटचा माणूस परत येईपर्यंत हलणार नाही. चिटणीसांनी शब्द दिला. होडीवर तांडेल म्हणून, म्हणजे सुकाणूवर, बाईंच्या शेजारचे चाचा होते. त्यांची हयात मासेमारीत गेलेली.

पाहुणे अकराला दहा कमी असताना आले. तोवर आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो, कारण झेंडा त्यांनी दाखवायचा होता. वारा मागच्या कड्यावरून तुटक तुटक खाली येत होता. मिनिटभर काहीच नाही, मग एकदम पाठीत धक्का. आम्ही तीन विद्यार्थी निघालो. दोघं उथळ पाण्यातच पडले आणि फळ्या ओढत परतले. मी पडलो नाही, आणि तेच नडलं.

किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर एका झोताने शीड हातातून ओढलं. डोलकाठी फळीला जोडणारा सांधा तुटला. शीड वेगळं झालं आणि मी नुसत्या फळीवर उरलो, बाहेर चाललेला. शिकवल्याप्रमाणे बसून दोन्ही हात हलवले. होडी जिथे असायला हवी होती तिथे पाणी होतं.

आधी पोचल्या त्या बाई, त्यांच्या फळीवरून. त्यांनी शीड पाण्यात पाडलं आणि माझी फळी धरली.

"काका, फळी सोडायची नाही. पोहायचं डोक्यातही आणू नका."

"किनारा दिसतोय की."

"दिसतोय म्हणूनच माणसं बुडतात."

किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी झाली. लाऊडस्पीकरवर स्वागतगीत चालू होतं. झोत आला की ते स्पष्ट ऐकू येई.

जवळजवळ चाळीस मिनिटांनी एक लहान होडी आली, मासे धरायची, जाळ्यासकट. सुकाणूवर चाचा होते. बाईंच्या आधी मला आत ओढताना म्हणाले, "तिकडं त्यांना डॉल्फिन गावंना. मला पेपरवाला गावला."

परतताना त्यांनी सगळं सांगितलं. झेंडा दाखवून झाल्यावर चिटणीसांनी मोटर होडी काठाला बोलावली, कारण पाहुण्यांच्या घरच्यांना डॉल्फिन पाहायचे होते. चाचा म्हणाले, मी हलणार नाय. चिटणीस म्हणाले, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, तुमची माणसं कुठे पळून चाललीत? चाचा उतरले. दुसऱ्याला सुकाणूवर बसवून होडी भूशिराच्या पलीकडे गेली. चाचांनी वाळूवर ओढून ठेवलेली भावाची होडी चार जणांना हाताशी घेऊन पाण्यात लोटली.

किनाऱ्यावर चिटणीसांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात कागद दिला. "बातमी तुम्हीच लिहा. तुमच्या हातची छापतात."

मी लिहिली. वाऱ्याची दिशा, सांधा तुटला ती वेळ, सुरक्षेची होडी कुठे होती, का होती, आणि मला कोणी आणलं. विशेषण एकही घातलं नाही. चिटणीसांनी वाचली. "हे जरा नकारात्मक वाटतं," म्हणाले आणि कागदाची घडी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आलेली बातमी वेगळी होती. 'सुरक्षेच्या चोख व्यवस्थेमुळे हौशी वृद्धाचे प्राण वाचले.' सोबत छायाचित्र होतं. मोटर होडीत पाहुण्यांचं कुटुंब, सर्वांच्या अंगात आमच्या सुरक्षेची केशरी जाकिटं. मागे क्षितिजाजवळ बोटाच्या नखाएवढं लाल शीड. ते माझं होतं, अजून उभं.

त्या वर्तमानपत्रात मी सत्तावीस वर्षं काम केलं आहे. दुरुस्तीसाठी लिहिलं. आठवड्याने आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. सुरक्षा नौका 'काही तांत्रिक कारणास्तव' अन्यत्र होती. हे तीन शब्द मी लोकांच्या बातम्यांतून आयुष्यभर खोडत आलो.

चाचांचा उल्लेख दोन्हीकडे नव्हता. खुलाशाचं कात्रण घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते जाळं शिवत होते. मी वाचून दाखवलं.

"तांत्रिक म्हणजे?" त्यांनी विचारलं.

यंत्रात काही बिघाड, मी सांगितलं.

"मग त्या मशीनला काय झालं होतं?" ते म्हणाले. "सकाळी मीच चालू करून दिली होती."