गल्लीची रुंदी, माणसासकट

भूगोलात एम.ए. केल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे गल्ल्या मोजणं. लालबाग-परळच्या कुठल्या गल्लीत आगीचा बंब शिरेल आणि कुठल्या नाही, याचा नकाशा एक कंपनी बनवत होती. माझ्याकडे लेसरचं मोजयंत्र आणि फोनमध्ये त्यांचं अ‍ॅप. गल्ली जिथे सगळ्यात अरुंद असेल तिथे, जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर, तीन वेळा मोजायचं आणि आकडे अ‍ॅपमध्ये भरायचे. तिन्हींत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला की रकाना लाल व्हायचा आणि पुढचं पान उघडायचंच नाही.

लालबागच्या एका चाळीमागची गल्ली सरळसोट होती. मधोमध मात्र भिंतीला पाठ करून, प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजोबा पेपर वाचत बसले होते. भिंतीवरून पाण्याचे पाइप गेलेले, त्यामुळे खुर्ची चांगली पुढे आलेली. गल्ली सगळ्यात अरुंद होती ती त्यांच्यापाशीच.

दोन मिनिटं उठता का, असं मी विचारलं. त्यांनी आधी सगळी चौकशी केली. गिरणीत कापड मोजून घड्या घालण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती, त्यामुळे मोजमाप म्हटल्यावर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, सकाळी सात ते बारा आणि चार ते आठ मी इथेच असतो. मी उठल्यावर तू जे मोजशील ते खोटं माप. मला ते पटलं, हे आता सांगायलाही संकोच वाटतो.

अ‍ॅपमध्ये ‘अडथळा’ असा रकाना होता. कायमचा की तात्पुरता, एवढंच विचारायचं. कायमच्यात भिंत, खांब, झाड, जिना. तात्पुरत्यात हातगाडी, वाहन, सामान. माणूस कुठेच नव्हता. मी ‘तात्पुरता’वर बोट नेलं, तसे ते चष्मा वर करून फोनमध्ये डोकावले.

“मी तात्पुरतो? रिटायर झाल्यापासना मी हयच बसतंय. माका हातगाडयेत घालतंस?”

मी ‘कायमचा’ निवडलं. खाली प्रकार निवडणं भाग होतं. भिंत त्यांना चालेना. झाडाला त्यांनी हरकत घेतली नाही.

समोरच्या भिंतीला यंत्र लावून मी मोजायला लागले. एक मीटर उंचीवर लेसरचा लाल ठिपका नेमका त्यांच्या बनियनवर, छातीच्या मध्यावर पडला. पहिल्यांदा आलं दोन पॉइंट एक चार, मग दोन पॉइंट एक सात, मग दोन पॉइंट एक तीन. रकाना लाल. पुन्हा तीनदा मोजलं, पुन्हा लाल. यंत्र बिघडलं असं मला वाटलं. तोवर वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, “अगं, ते श्वास घेतायत.”

मग मी त्यांना श्वास रोखायची विनंती केली. पेपरची नीट घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि श्वास धरला. काकू वरून आकडे मोजत होत्या, त्या अकरावर असताना माझं काम झालं. तिन्ही वेळा दोन पॉइंट एक सहा. रकाना हिरवा झाला आणि आम्हा तिघांनाही बरं वाटलं.

पुढच्या पानावर अडथळ्याचा फोटो मागितला होता. मी काढला. ‘फोटोत व्यक्ती आहे, पुन्हा काढा’ असं आलं. हे सांगताच आजोबा लगेच उठले. “फोटोक उठतंय की, त्याका काय,” म्हणत बाजूला उभे राहिले. रिकाम्या खुर्चीचा फोटो अ‍ॅपने घेतला आणि नोंद गेली. मीटरच्या उंचीवर गल्ली आता पूर्ण मोकळी आहे आणि खरी रुंदी मोजता येईल, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नोंद बदलता येत नसे.

दोन दिवसांनी ऑफिसातून साहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, फोटोतली खुर्ची मीटरपेक्षा बुटकी आहे, मग मीटरच्या उंचीवर लेसर कशाला अडला?

“छातीला,” मी म्हटलं.

मग नोंदीतलं झाड कुठंय, असं त्यांनी विचारलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा जाऊन मोजू का, असंही विचारलं. ते म्हणाले, नको, तो भाग तपासून मंजूर झालाय, आता उघडला तर सगळा वॉर्ड पुन्हा भरावा लागेल.

काही महिन्यांनी त्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. रुंदी २.१६ मीटर, बंबास प्रवेश नाही. मी वाकडी वाट करून पाहायला गेले. आजोबांनी लांबूनच ओळखलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “उन्हामुळे खुर्ची समोरच्या भिंतीक लावलंय. आकडो बदलतलो काय?”

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा घेऊन जा म्हणाले.