वहिनीची एक हाक

माझी वहिनी आणि मी एकाच कंपनीत सर्व्हर सांभाळतो. तिला कुणी ओरडताना ऐकलेलं नाही. ती उणीव मी भरून काढतो.

एकदा एक चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, अडकली. मी तिला बंद होण्याचा सगळ्यात कडक सिग्नल पाठवला. ढिम्म! मग रागाने पाठवतच सुटलो.

"अहो भाऊजी, दार काय फोडताय?" वहिनी म्हणाली. "साधी झोप असती तर पहिल्याच सिग्नलला उठली असती. ही डिस्कच्या उत्तराची वाट बघत गाढ झोपलीय. अशा झोपेतून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणाला उठवू देत नाही. तुमचा सिग्नल दाराशी थांबलाय. जागी झाली की आधी तो घेईल, मग बाकीचं."

तिने डिस्कची सैल केबल घट्ट बसवली. प्रोसेस जागी झाली आणि त्याच क्षणी बंद पडली. इतका वेळ तो सिग्नल तिथेच उभा होता!

पुढे दादाचं ऑपरेशन झालं. दुपार टळली तरी तो भुलीतून बाहेर येईना. हाका मारून मारून माझा घसा बसला, नर्सने दटावलं ते वेगळंच. वहिनीने त्याच्या कानाशी एकदाच सांगितलं, "उठलात की घरी जायचंय," आणि ती स्टुलावर बसून राहिली.

"ऐकू तरी गेलं असेल का?" मी विचारलं.

"दाराशी थांबेल."

संध्याकाळी दादाने डोळे उघडले. पाणी मागितलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "चल, घरी जाऊ."