विहिरीजवळचं संत्र्याचं झाड

दुःखाची कारणं सांगणाऱ्यांची आमच्या घरात कधीच टंचाई नव्हती. बाबा कचेरीतून निवृत्त झाले, पोथ्या वाचू लागले आणि सगळ्याचं खापर प्रारब्धावर फोडू लागले. आत्याला जिथे तिथे शनी दिसायचा. मला मात्र लहानपणापासून पटायचं ते मामाचं.

मामाची नरखेडकडे संत्र्याची बाग. नाताळच्या सुट्टीत आम्ही एसटीने जायचो तेव्हा ती तहानलेली असायची. विहिरीला पाणी, पण मोटार बंद. झाडांची पानं मलूल होऊन गळायची. विहिरीजवळच्या झाडाखाली बसून आई वालाच्या शेंगा निवडायची आणि तिच्या सुपात पिवळी पानं पडायची. मला ते बघवायचं नाही.

"मामा, पाणी काहून नाही देऊन राहिले तुम्ही?"

"ताण देऊन राहिलो, बेटा. ताण बसल्याबिगर बहार फुटत नाही. माणसाचंही तसंच. देवाले ज्याले फुलवायचं, त्याले तो आधी वाळवते."

पुढे फेब्रुवारीत कुणाच्या लग्नाला गेलो की खरंच सगळी बाग पांढऱ्या फुलांनी लगडलेली असायची. तो वास आजही कुठून आला तर ते दिवस परत हवेसे वाटतात, आई सुपासकट हवीशी वाटते. पुढे नोकरी मिळेना तेव्हा मी स्वतःला हेच बजावलं, की ताण चालू आहे, बहार येईल.

मग आई आजारी पडली आणि आजार हाडांपर्यंत पोचला. कूस बदलतानाही ती ओठ चावायची. भेटायला येणारे शहाळी आणायचे आणि सोबत फुकटचं तत्त्वज्ञान. कुणी म्हणे मागच्या जन्माचं आहे, कुणी म्हणे कुलदैवताचं काही राहिलं असेल. शहाळी परत त्यांच्याच हातात ठेवावीत असा मला राग यायचा. कारण ते गेले की आई छताकडे बघत विचारायची, "माझं काय चुकलं वं?" दुखणं औषधाने घटकाभर तरी दबायचं. हा प्रश्न दबत नव्हता. बाबांना विचारला तर ते पोथी उघडायचे.

डिसेंबरात मामा आला. आईच्या पायाशी बसून संत्रं सोलता सोलता सवयीने सुरू झाला, "धीर धर, बाई. हा ताण आहे. देवाले ज्याले फुलवायचं..."

आईने त्याला मध्येच थांबवलं. "सगळ्याच झाडायले ताण देतं काय गा तू?"

"नाही वं. रोगट झाडाले नाही देत. थकलेल्या झाडाले बी नाही. मरते ना ते."

"हे तुले समजते. मंग देवाले समजत नसन काय?"

मामाचा हात थांबला. बाबांनी पोथी मिटली. मला वाटलं, मामा आता दुसरं कारण काढेल, नाहीच जमलं तर आत्याचा शनी उसना घेईल. पण त्याने आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो हमसून रडला.

"मले नाही मालूम, बाई. हे काहून होऊन राहिलं, मले खरंच नाही मालूम. पण तुझं काही चुकलं नाही वं."

आई बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दे ते संत्रं." तिने दोन फोडी खाल्ल्या. त्यानंतर जाईपर्यंत तिने तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. इतक्या शहाण्या माणसांत तिला हवं होतं ते शेवटी "मालूम नाही" म्हणणाऱ्याने दिलं, याचं मला अजून बरं वाटतं.

यंदा थंडीत मी नरखेडला गेले. बाग नेहमीसारखी मलूल होती, विहिरीजवळचं झाड तेवढं हिरवंगार. मामा एकट्या त्याच झाडाला पाणी देत होता. गावातले लोक त्याला हसतात. असं झाड बहार धरत नाही, हंगाम सोडून कधीतरी चार फुलं येतात, एवढंच.

"याले ताण नाही देत का, मामा?" मी विचारलं.

त्याने पायाने आळ्याची माती सारखी केली.

"नाही. हे नाही फुललं तरी चालते."